फोटोतली जागा

रेक्याविकच्या तरणतलावाशेजारच्या गरम कुंडात बसून सोल्दीस लालेलाल झाली होती, पण समोरच्या दोघींचं बोलणं सोडून उठवेना.

"ह्रेफ्ना, आज वारासुद्धा नाही. टोपी कशाला गं?"

"केस मुठीमुठीनं गळतायत, उन्नूर. हृदयाच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"भूल आणि ऑपरेशनचा ताण. शरीर म्हणे जीव वाचवण्यात गुंतलं होतं, केसांकडे बघायला त्याला सवड नव्हती. येतील परत."

"शहाणं आहे की तुझं शरीर. तुझ्यापेक्षा."

"हस तू. रविवारी आमच्या कात्लाचा चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी आहे, मग घरच्या सगळ्यांचा फोटो. म्हटलं, मी आपली कॅमेऱ्यामागे उभी राहते."

"पोरगी काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आई, तू ऑपरेशनला आत गेलीस ना, तेव्हा तू नसलेला फोटो मला सारखा दिसत होता. तसला खराखुरा नको मला.'"

ह्रेफ्नानं टोपी काढून काठावर ठेवली. टाळूवर विरळ, भुरे केस चिकटले होते.

"गार लागतंय का गं डोक्याला?"

"लागतंय की. किती छान लागतंय."