धवलारणीची अक्कलदाढ

— नाय गं बाय, गाल दाबून काय होत नाय. मी दाबून दाबून थकले. मिश्री लावली, लवंग धरली, आमच्या पालेगावच्या रखमाबाईनं सांगितलं म्हणून लसूण पण ठेवली — तोंडात नुसती फोडणी झाली! तुझी पण अक्कलदाढ ना? म्हटलंच मी. ही माझी बया पन्नाशी उलटल्यावर उठली, आणि उठली म्हणजे काय, आडवीच पडून राहिली. आतल्या डॉक्टरणीनं काल फोटो दाखवला. हिरडीखाली मस्त लोळतेय आणि डोकं शेजारच्या दाढेच्या जागेत खुपसलंय. मधल्या फटीत घास अडकायचा, ब्रश पोचायचा नाय, मग शेजारीण मागून सडली. पुढून बघशील तर चकचकीत.

आणि मी काय केलं माहितेय? हसू नको हां, हसलीस तर तुझीच दुखेल. दुखत होती शेजारीण, म्हणून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन शेजारीणच काढून आले! तिथला डॉक्टर बिचारा बोलत होता — मौसी, पहले फोटो निकालो, दर्द पीछे से आ रहा है. मी म्हटलं, फोटो लग्नात काढतात, तू पक्कड काढ. दाढ माझी, दुखतंय मला, तू कोण सांगणारा? गप काढली त्यानं. घरी आले, सुईचा असर उतरला, आणि दुखणं जिथल्या तिथं! जल्लं, मटण चावायची दाढ गेली माझी, आणि ही अजून लोळतेय. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाय.

मग बोलतेय कशी? बोलायला दोन बोटं बक्कळ. गायला लागतं तोंड. अगं, धवलारीण आहे मी. तू कात्रपच्या फ्लॅटमधली, तुला काय माहीत! आमच्या आगऱ्यांत हळदीपासून मांडवापर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते ती धवलारीण, तिच्याशिवाय नवरी जागची हलत नाय. अर्ध्या गावाच्या पोरी माझ्या धवल्यावर सासरी गेल्यात — नांदल्या नाय तर शिव्या पण मलाच.

रविवारी माझ्या भावाच्या पोरीचं लग्न, दौलतच्या ऋतिकाचं. डॉक्टरीण म्हणाली, घाई नाय, गोळ्यांनी सूज उतरेल, रविवारपर्यंत तोंड उघडेल, दाढ लग्नानंतर काढू. मी म्हटलं, नाय, आजच काढ! गाल कसा टम्म सुजू दे. कोणी विचारलं विठा का नाय गायली, तर गाल दाखवायचा. म्हणजे कोणी असं नाय म्हणणार की — काय नाय. सोड.

बरं, आता डोळे मोठे करून बसलीसच तर ऐक. बोलावलंच नाय मला. जेवायला बोलावलंय, साडी पण धाडलीय. गायला नाय. धवले म्हणे पेनड्राइव्हवर लावणार. आणि त्याच्यात गातंय कोण? मीच! गावातल्या सुयोगच्या हळदीत कोणीतरी मोबाईलवर भरलेली. मधी एक पोर भोकाड पसरतंय आणि मी त्याच्या आईला शिवी घातलीय, ती पण वाजणार भर मांडवात. आणि मी पंगतीत बसून माझाच आवाज ऐकायचा, तोंडात वरणभात घेऊन. लई लागलं गं. दाढेपेक्षा जास्त लागलं. ऋतिकाला कडेवर घेऊन मी लोकांच्या मांडवात गायलेय, माहितेय?

दौलतला जाऊन विचारू? मी? इतकी वर्षं लोकांनी हाताला धरून नेलंय मला, आता मी दारात जाऊन विचारू, गाऊ का म्हणून? मेले तरी — काय म्हणालीस? परत बोल. तोंड उघडत नाय हे मी त्यांना सांगितलंय का?

... हो, सांगितलंय की. सगळ्या गावाला सांगितलंय. दौलतच्या ओट्यावर बसून तर रोज सांगतेय — तोंड उघडत नाय, आता काय माझ्याच्यानं गाणं होत नाय. ऋतिका तिथंच असायची. चहा करून द्यायची, त्यात बुडवून मऊ केलेली खारी द्यायची ...

कोण? विठाचा नंबर आला? नाय, विठा गेली म्हणून डॉक्टरणीला सांग. दाढ सोमवारी. गोळ्या आहेत माझ्याकडं.

सरक, पिशवी घेऊ दे, दौलतकडं जायचंय. आणि तू जा आत, माझा नंबर घे. हे बघ, कुठली दुखतेय ते तू नको सांगू. आधी फोटो काढ.