प्रणिताचा चौथा ढीग

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही बसा, कोपऱ्यात आणखी एक सतरंजी आहे. माझं बोलणं उभ्याने ऐकण्याइतकं छोटं नाही. आणि मला आज बसून बोलवणार नाही. म्हणून मी उभी राहते, तुम्ही बसा.

हा कागद माझ्या सुनेने लिहिलाय. काल दुपारी मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मला वाचता येत नाही, हे वारज्याच्या या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कागद हातात धरलाय, कारण रिकामे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. उलटा धरला असेल तर पुढच्या रांगेने खूण करावी. हसू नये.

प्रणिताला जाऊन आज बारा दिवस झाले. आठ दिवसांचा ताप, आणि पोरगी गेली. वय एकतीस. माझं वय तिच्या अडीचपट. रांग कोणी मोडली, ते तुम्हीच बघा. हा हार घातलेला फोटो तिच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा आहे. इतकी विंचरलेली ती घरात कधीच नव्हती.

तिचे आईबाबा यवतमाळहून आलेत, समोर बसलेत. ताई, दादा, तुमची मुलगी सहा वर्षं माझ्या घरात राहिली. तिला मी जेवू घातलं, रागावले, तिच्या ओल्या टॉवेलवरून रोज भांडले. आज तिचं कौतुक करायला सगळे बोलले. मी कौतुक करणार नाही. मला एक चूक सांगायची आहे. तिची नव्हे. माझी.

आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सगळा संसार क्वार्टरमध्ये झाला. ते गेल्यावर मुलाने इकडे घर घेतलं आणि एक खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. तेव्हा ही आली, एक बॅग आणि एक कॉम्प्युटर घेऊन. मी विचारलं, "काय करतेस गं?"

"हिंजवडीत जपानी भाषेचं काम करून राहिली, आजी."

"करून राहिलीस, की राहून करतेस?"

"दोन्ही," म्हणाली. तिथेच मी खोली दिली.

रोज सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी परत. जपानी साहेबांची पत्रं आपल्या लोकांना समजावायची आणि आपल्या लोकांच्या सबबी जपानी साहेबांना. दुसरं काम जास्त अवघड, असं ती म्हणायची. त्या साहेबांपैकी कोणी तिला गाण्यांच्या सीडी आणून द्यायचं. रविवारी दुपारी मी भाजी निवडत बसले की ती शेजारी बसून लावायची. सगळ्या मुलींचे बँड. ड्रम मुलगी बडवणार, गिटार मुलगी वाजवणार, गाणारीही मुलगी.

मी म्हटलं, "मग खुर्च्या कोण मांडतं?"

"त्याही त्याच मांडतात, आजी. सुरुवातीला."

"म्हणजे आपल्यासारखंच आहे."

मग तिला एक खूळ लागलं. दोन बँड घेतले. एका बँडची गाणी बाहेरचे पुरुष लिहून द्यायचे. दुसऱ्या बँडच्या मुली आपली आपणच लिहायच्या. तिला बघायचं होतं, शब्द वेगळे पडतात का. प्रत्येक गाणं तिने कॉम्प्युटरमध्ये घातलं. मी विचारलं, यात एवढं काय, मोजायचे शब्द. तर म्हणाली, "आजी, जपानीत दोन शब्दांच्या मधे जागाच नसते. सगळं सलग. आधी तोडावं लागते."

मी म्हटलं, "मला मराठीही तसंच दिसतं."

खूप हसली. पण त्या दिवसापासून मला समजेल असं सांगायला लागली. म्हणाली, तुम्ही धान्य निवडता ना, तसंच. 'आणि', 'पण', 'मग' ही टरफलं, आधी पाखडून टाकायची. उरला तो दाणा. मग दाण्याचे ढीग करायचे. कुठल्या ढिगात काय जास्त आहे, ते बघायचं. एवढं मला कळलं. ढीग मी आयुष्यभर केलेत.

मग आमचा खेळ सुरू झाला. कुठल्या बँडचं ते न सांगता ती एकेका गाण्याचा अर्थ मराठीत सांगायची. मी ओळखायचं, लिहिणारी बाई की पुरुष. एकात मुलगी खिडकीत उभी, वारा केसांत, तो येईल का, तो येईल का. मी म्हटलं, पुरुष. दुसऱ्यात मुलगी कामावरून घरी येते, बेसिनमध्ये कालच्या भाताचं पातेलं भिजत पडलंय, ते घासता घासता तिला कोणाची तरी आठवण येते. मी म्हटलं, बाई.

दहातली नऊ बरोबर यायची. ती थक्क. "आजी, मशीनला चार महिने लागले. तुम्ही कशावरून सांगून राहिल्या?"

मी म्हटलं, "ज्या गाण्यात कोणाचेच हात ओले नाहीत, ते पुरुषाने लिहिलेलं."

तिने ते लगेच लिहून घेतलं. एक गाणं मात्र चुकलं. त्यात ओले हात होते आणि लिहिणारा पुरुष निघाला. मी म्हटलं, तो आईजवळ राहत असणार. तिने तेही लिहून घेतलं.

इथवर सगळं छान होतं, मंडळी. इथेच थांबायला हवं होतं.

एका रविवारी म्हणाली, "आजी, दोन ढीग झाले. तिसरा तुमचा करू." मी लहानपणी जात्यावर दळायचे, ओव्या म्हणायचे, हे तिला बोलण्यातून कळलं होतं. जपानच्या बायका आणि आमच्या गावच्या बायका, गाताना कोण काय बोलतं, ते शेजारी मांडून बघायचं होतं तिला. मी म्हटलं, जात्याशिवाय ओवी येत नाही. तर या पोरीने माळ्यावर चढून जातं खाली काढलं. घरातल्या लग्नात हळदीपुरतं काढतो ते. जड आहे. एकटीने उतरवलं. पुसलं. मूठभर गहू आणून ठेवले. समोर तिचं रेकॉर्ड करायचं यंत्र ठेवलं, त्याचा लाल दिवा लागला.

त्या लाल दिव्याकडे बघून मी चांगली झाले.

बायकांनो, तुमच्यातल्या माझ्या वयाच्या ज्या आहेत त्यांना कळेल मी काय म्हणते ते. ओव्या दोन जातीच्या असतात. एक चारचौघींतल्या. लग्नाच्या हळदीला, सगळ्या जमल्या की म्हणायच्या. देवाच्या, तुळशीच्या, भाऊ किती गुणाचा, सासर कसं सोन्याचं. आणि दुसऱ्या एकटीच्या. पहाटे घर निजलेलं असताना, दाराकडे पाठ करून म्हणायच्या. त्या कोणाला ऐकवायच्या नाहीत. आई म्हणायची, जात्याला सांग, जातं कोणाला सांगत नाही.

मी प्रणिताला पहिल्या जातीच्या दिल्या. चाळीस ओव्या. एकसुद्धा एकटीची नाही.

का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आईने मना केलं होतं म्हणून. ते अर्धं खरं. उरलेलं खरं असं, की मुलगा ऐकेल, सून ऐकेल, हिंजवडीतली पोरं ऐकतील, त्यांच्यासमोर मला सुखी दिसायचं होतं. आणि माझी एक ओवी माझ्या थोरल्या भावाबद्दल, दादाबद्दल होती. दादा माझ्याशी कधी वाईट वागला नाही. तो गेल्यावर त्याची तक्रार कशाला, असंही वाटलं.

महिनाभराने ती कॉम्प्युटर घेऊन माझ्याजवळ बसली. चेहरा पडलेला. म्हणाली, "आजी, तुमचा ढीग पुरुषांच्या ढिगाजवळ पडून राहिला. तुमच्या गाण्यात कोणाचेच हात ओले नाहीत."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "तुझ्या यंत्राला जात्यातलं काय कळतं."

"आजी, अजून ओव्या आहेत का? एकटीच्या?"

हा शब्द तिचा. मी तिला कधी सांगितला नव्हता. तिनेच शोधला.

मी म्हटलं, नाहीत.

पुन्हा विचारलं, संक्रांतीच्या आधी. मी म्हटलं, नाहीत गं, डोकं खाऊ नको. पुन्हा एकदा, भांडी लावता लावता. मी म्हटलं, बघू दिवाळीनंतर. दिवाळी नऊ महिने लांब होती. तिला कळलं.

मग शनिवारी जपानी शिकणाऱ्यांची बैठक असते तिथे तिने हे सगळं वाचून दाखवलं. इथे बसलेले बरेचजण तेव्हा होते. मला रिक्षाने नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. तिने दोन्ही बँडचं सांगितलं, माझं ओल्या हातांचं वाक्य माझं नाव घेऊन सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग शेवटी म्हणाली, आजींच्या ओव्यांत मात्र बाई स्वतःबद्दल काहीच बोलत नाही. त्यालाही तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी पण वाजवल्या.

खोटं होतं ते. तिचं नव्हे. तिने मिळालेले दाणे प्रामाणिकपणे मोजले. मी तिला निवडक दाणे दिले होते. तेव्हा उठून सांगायला किती वेळ लागला असता? कागद नको होता, चष्मा नको होता. तोंड हवं होतं. पुण्यात साठ वर्षं काढली, दुसऱ्याला बोलायला हे तोंड कधी कमी पडलं नाही. त्या दिवशी पडलं.

परवा तिची ऑफिसातली मैत्रीण समीना तिचं सामान आवरायला आली. ती बघा, खिडकीशी बसलीय. दोघी एकाच बसने जायच्या. तिने प्रणिताचा कॉम्प्युटर उघडला आणि मला हाक मारली. म्हणाली, "आजी, इथे चार फोल्डर आहेत. पहिला बँड, दुसरा बँड, तिसरा 'आजी'. चौथ्याचं नाव आहे 'आजी, एकटीच्या'."

मी विचारलं, "आत काय आहे?"

समीना म्हणाली, "रिकामा आहे."

मग प्रणिताच्या आईने मला सांगितलं. ताई, तुम्हीच सांगितलंत, मी तुमचेच शब्द म्हणते. तिने फोनवर तुम्हाला म्हटलं होतं, "आई, आजी काहीतरी लपवून राहिल्या. देतील एक दिवस. मी जागा करून ठेवली."

मंडळी, मला उद्धट माणसाची चीड येत नाही. मला अशा माणसापुढे उभं राहवत नाही, ज्याला सगळं कळलेलं असतं आणि जो जागा करून ठेवतो.

जपानच्या त्या मुली मी कधी बघितल्या नाहीत. पण त्यांच्यातल्या कोणीतरी भिजलेल्या भाताचं गाणं हजार माणसांसमोर म्हटलं. मला एका खोलीत, एका पोरीसमोर जमलं नाही. आता तुम्हा सगळ्यांसमोर म्हणते. उशीर झालाय, हे मला माहीत आहे. समीना, लिहून घे. आवाज फाटेल, त्याकडे लक्ष देऊ नको. ही मी नऊ वर्षांची असताना केलेली आहे.

दादा गेला शाळेला, त्याच्या हातामधे पाटी
मी बसले जात्यापाशी, माझ्या हातामधे गाठी

पाटीवरली अक्षरं, दादा पुसतो पाण्यानं
माझ्या हाताची अक्षरं, पुसंनात कशानं

झालं. एवढीच. अशा आणखी तेवीस आहेत. उद्यापासून समीना रोज ऑफिसातून आली की माझ्याकडे येणार आहे. तिला मी जेवू घालणार आहे, टॉवेलवरून बोलणार नाही. चोवीस पूर्ण झाल्या की ती त्या यंत्रात घालेल, टरफलं पाखडेल, मोजेल. मग माझा ढीग कुठल्या ढिगाजवळ पडतो ते तुमच्या शनिवारच्या बैठकीत येऊन ती सांगेल, आणि प्रणिताचं शेवटचं वाक्य खोडेल. मी पहिल्या रांगेत बसेन. ताई, दादा, तुम्हीही यायचं.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. दोन मिनिटं शांत राहतात, अशी पद्धत आहे. घड्याळ लावू नका. एक मूठ गहू दळायला जेवढा वेळ लागतो, तेवढं आपण गप्प राहू. सुनबाई, हा कागद धर. मी हात फिरवते.

हात थांबला की बसा.