नोंद क्रमांक सतरा

वारसा इमारतींच्या कचेरीत खिडकीसमोरच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या आणि त्यांच्यामागे हातात पाना घेतलेला प्लंबर.

"आजी, तुमचं काय काम?" प्लंबरनं विचारलं.

"आठ दिवस बाहेरगावी जायची परवानगी हवीय. पणती झालीय, तिला बघायचंय."

"त्याला परवानगी कशाला?"

"आमची इमारत दोन महायुद्धांच्या मधली. तिच्यातल्या मूळच्या वस्तू हलवायच्या नाहीत, असा नियम आहे."

"ते ठाऊक आहे. एका गळक्या नळासाठी माझी ही तिसरी खेप. पण तुम्ही कुठे वस्तू?"

"यादी करायला एक मुलगी आली होती. म्हणाली, इमारत झाली त्या वर्षापासून इथे काय काय आहे? मी सांगितलं, लिफ्टची जाळी, जिन्याचा कठडा आणि मी. त्याच वर्षी, त्याच घरात जन्मले ना. तिनं सगळं लिहून घेतलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसले की. घरमालक मला बाहेर काढायला टपला होता. आता त्याला मला हात लावता येत नाही."

"मग आज इथे कशा आलात?"

"दुरुस्तीसाठी नेतोय, असं जावयानं लिहून दिलंय."

खिडकीतून हाक आली, "नोंद क्रमांक सतरा." आजी पुढे सरकल्या.

"परवानगी देतो, आजी. पण आहे त्याच स्थितीत परत यायचं."

"आठ दिवस पणतीला मांडीवर घेतल्यावर? ते कसं कबूल करू, साहेब?"

"मग 'किरकोळ बदल संभवतो' असं लिहू?"

"किरकोळ नका लिहू."