जादाचा पाटा

—नाही, आज तुमची करोला गाडी दुरुस्त होऊन नाही मिळायची. का नाही ते सांगतो, बसा, त्या टायरवर बसा, पुसलेला आहे. आमचा आत्माराम आज कामावर नाही. आजारी? छे हो. दुबईला गेलाय, गोल्ड सूकला, सोन्याच्या बाजारात, ममता सिस्टरबरोबर मंगळसूत्र बघायला. माफ करा, सकाळपासून माझं हसू थांबतच नाहीये.

ममता म्हणजे इथल्या क्लिनिकातली नर्स, सावंतवाडीची. तिने एका कॅनडावाल्या म्हाताऱ्याची सेवा केली, तर तो मायदेशी जाताना तिला आपली जुनी स्नोमोबाइल देऊन गेला—बर्फावरची गाडी हो, इथे अजमानच्या वाळवंटात. पुढे स्की, मागे रबरी पट्टा, एकाहत्तरचं मॉडेल. हिने ठरवलं, बर्फ नाही तर वाळू. पहिल्याच फेरीत असे दणके बसले की मनगटं सुजली, दुसऱ्यांना बँडेज बांधणारीची. आणली पिकअपमध्ये घालून आमच्याकडे. तिच्या बिल्डिंगमध्ये जागा कुठे, म्हणून इथेच ठेवली.

आता आत्माराम कसा, तर इतकी वर्षं आम्ही एका खोलीत राहतो, पण 'बदरुभाई, मीठ द्या' यापुढे गाडी जात नाही. आणि त्या मशीनपुढे बसला तर बोलायलाच लागला—माझ्याशी नाही, ममताशी. म्हणे, पुढच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, लोखंडी पाटे गंजून एकमेकांना चिकटलेत, वाकतच नाहीत, म्हणून सगळा दणका हँडलमध्ये येतो. मग पाटे सुटे केले, घासले, मध्ये ग्रीस भरलं, दोन्हीकडचा एकेक पाटा काढूनच टाकला, नवे बुश घातले, भंगारातल्या मोटरसायकलचे शॉकॉब्झर बसवले. दर शुक्रवारी ऊन चढायच्या आत वाळूवर ट्रायल. ती म्हणायची अजून जरा हादरतंय, हा म्हणायचा बघतो. आणि एका शुक्रवारी अशी गेली, हबीबी, जशी पाळण्यात बसलीय. परत आली तर खाली उतरेचना. हाही तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत बसला. काम संपलं होतं ना.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा हादरे. त्याच्या पुढच्याही. मी चक्रावलो. मग परवा दुपारी बघतो तर हा पठ्ठ्या शुक्रवारी तिच्यासमोर काढलेले पाटे गुपचूप परत चढवतोय—मला बघून कानापर्यंत लाल.

काल ती एक फेरी मारून उतरली, हेल्मेट काढलं, याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आत्माराम, तो जादाचा पाटा काढून टाका. मी तशीही येईन."

पाना पडला त्याच्या हातातला. तो शोधायला वाकला, तीही वाकली, आणि मी—मी पिकअपच्या मागे जाऊन एकटाच नाचलो, या वयात.

तिला कसं कळलं? मोजले असतील पाटे—बरं, मीच सांगितलं. परवा संध्याकाळी गेलो क्लिनिकात, खोकला झालाय म्हणून. खोकला कसला. आता आत्माराम फ्लॅट बघतोय, शारजाला, दोघांसाठी. चांगलंच आहे की, खोलीतलं कपाट सगळं माझं, त्याचं घोरणं खलास. काल आनंदाने तो झोपलाच नाही, घोरलाही नाही, तर मेलं मलाच पहाटेपर्यंत—

थांबा, फोन वाजतोय.

...ममताचा होता. दोघांचं एकमत होत नाहीये, म्हणते बदरुभाई, तुम्ही या, तुम्ही म्हणाल तेच घेऊ. मी म्हणेन ते.

उठा, उठा, मला शटर ओढायचंय. यल्ला.