वरच्या सरांचा काळा फॉस्फरस

काय सांगू, शेजारीण नळावर म्हणून राहिली, “वरचे क्लासवाले सर कुकरात काळा फॉस्फरस शिजवतात, आता स्फोट...” अन् मला बघून घागर उचलून निघाली.

किल्लारीच्या भूकंपापासून अंगणात झोपणाऱ्या सासूबाई कालच कुठं घरात आल्या होत्या. माझ्याकडून हे ऐकताच बाज परत अंगणात ओढायला लागल्या. मी तणतणत वर गेले.

“काकू, हरभरे उकडून राहिलो,” सर वैतागले. पोरांना काळ्या फॉस्फरसची रचना दाखवायला त्यांनी हरभरे काड्यांनी जोडून पत्र्यासारखे नागमोडी थर केले होते, दर हरभऱ्याला तीन काड्या. “खरा काळा करायला लाल फॉस्फरस प्रचंड दाबाखाली तापवावा लागतो. कुकरात कुठला एवढा दाब?”

तेवढ्यात कुकरची शिट्टी उडाली अन् हरभरे छताला चिकटले.

फॉस्फरस खोटा निघाला. बाज मात्र अजून अंगणातच हाय.