पंखा कामून घुमायलाय

[नौबाद, बिदर. सन २००९, रविवारची दुपार. रेणूच्या घरची पुढची खोली. कॉम्प्युटरसमोर रेणू आणि तिची मैत्रीण शैलश्री, जी गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवते. सासू अनसाबाई उंबऱ्यावर बसलेली.]

शैलश्री : गाणं न्हाई, गेम न्हाई, नेटचं पान बी बंद. तरी ह्याचा पंखा बघ कसा घुमायलाय. कवापासून असं?

रेणू : दिवाळीपासून. मी समोर बसले की सुरू होतंय. आत गेले की थोड्या वेळानं गप्प.

अनसाबाई : म्या म्हनलं नव्हं? त्याच्या अंगात येतंय. मानसाच्या अंगात येतं, तर यंत्राच्या कामून येनार न्हाई?

शैलश्री : अम्मा, तसं काही नसतंय. परवा उघडून धूळ काढली, अँटीव्हायरस फिरवला, काही सापडलं न्हाई. आता ही यादी बघ, रेणू. कोणता प्रोग्रॅम किती राबायलाय ते इथं दिसतंय. बाकी समदे आरामात बसलेत. हा एकटा बघ.

रेणू : नव्वद टक्के? हे नाव तर मी कधी बघितलं बी न्हाई.

शैलश्री : बंद करते. हां, गेला. पंखा बी उतरला.

रेणू : सुटले बाई.

शैलश्री : थांब, थांब. आला परत! त्याच नावानं.

अनसाबाई : आरं देवा. हाकललेलं कुत्रं बी इतक्या लौकर माघारी येत न्हाई.

शैलश्री : रेणू, ह्यात प्रोग्रॅम कोण घातलंय?

रेणू : ह्यांनीच. पुण्याहून आणतानाच समदं घालून आणलं. म्हणले, मी तिकडं नोकरीवर, तू इकडं, रोज तोंड तरी दिसंल.

शैलश्री : आणि कॅमेऱ्याच्या दिव्यावर ही काळी पट्टी?

रेणू : ती बी त्यांनीच. दिवा डोळ्यावर येतो, डोकं दुखंल म्हणले.

शैलश्री : काढून बघते.

रेणू : अगं, दिवा तर लागलेलाच हाय! मी कॅमेरा लावलाच न्हाई.

शैलश्री : तू न्हाई लावलीस. कुणीतरी बाहेरून लावलंय. मशीन तुझं चित्र काढून पाठवायलंय, म्हणून एवढं राबायलंय.

रेणू : आपलं बोलणं बी जातंय का?

शैलश्री : माइक हेडफोनला हाय, आणि ते काढून ठेवलंय. आवाज न्हाई जात. पण ही कॅमेऱ्याची काच अशी पिवळी कामून?

अनसाबाई : भंडारा हाय तो. आज आयतवार, मल्लण्णाचा वार. देवाला लावला, चुलीला लावला, मग ह्याला बी लावला. कपाळाला लावाया गेले तर हात घसरला, डोळ्यातच गेला त्याच्या. सकाळी सिद्धू बी चिडला माझ्यावर.

रेणू : काय म्हणले?

अनसाबाई : फोनवर म्हनला, आई, त्या काचंवरचा भंडारा पुस आधी, मशीन खराब होतंय. म्या म्हनलं, देवाचा भंडारा असा लगेच पुसू न्हाई. सांजच्याला बघू.

रेणू : आत्या, भंडारा लावल्याचं त्यांना तुम्ही सांगितलं का?

अनसाबाई : न्हाई बा. तूच सांगितली असशील.

रेणू : मी आज त्यांच्याशी बोललेच न्हाई.

शैलश्री : अय्यो शिवने!

रेणू : गुरुवारी म्हणले, ती हिरवी साडी नको नेसू. मला वाटलं, तुम्ही चुगली करता. मनात लई राग धरले होते मी तुमच्यावर.

अनसाबाई : आन मला वाटायचं, तूच चाड्या करतीस. दुपारी म्या किती येळ लोळले, ते बी त्याला ठाव असायचं.

रेणू : शैलू, मी लिहिलेलं बी वाचता येतंय का?

शैलश्री : ते मला सांगता येईना. कुणाला लिहिलीस?

रेणू : जगदेवीला. माझ्या बहिणीला, हैदराबादला. बुधवारी येते, पुन्हा इकडं पाऊल टाकणार न्हाई, म्हणून.

अनसाबाई : पुन्हा न्हाई?

रेणू : आत्या, दिवाळीत माझ्या पाठीला हळद तुम्हीच लावली. कशानं लागलं ते काही विचारलं न्हाई.

अनसाबाई : इचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. आन मला ऐकावं लागलं असतं.

रेणू : काल फोन ठेवताना म्हणले, बहिणीला माझा नमस्कार लिही. मी हसले. समदं वाचूनच म्हणले बघ ते. लई भ्याव वाटायलंय मला.

अनसाबाई : रेणू, आज रातच्या बसनं निघतोय त्यो. उद्या सकाळी घरात. म्हनला, रेणूला सांगू नको, मजा करू.

शैलश्री : मग बुधवार कशाला? आत्ताच नीघ. हैदराबादच्या बसा चालूच असतेत.

रेणू : कपडे ह्याच खोलीत हायत. पिवळ्यातून बी हलताना दिसंलच की त्यांना.

शैलश्री : नेटची वायर काढू का? सांग लवकर.

अनसाबाई : काढ गं पोरी. कुंपनच शेत खाया लागलं, तर त्याला इचारायचं काय?

शैलश्री : काढली. बघ, पंखा उतरला.

रेणू : फोन! आत्या, फोन वाजायलाय. त्यांचाच हाय!

शैलश्री : वायर काढून घोटभर पाणी प्यायचा बी वेळ झाला न्हाई.

रेणू : मी न्हाई उचलत. तुम्हीच घ्या, आत्या.

अनसाबाई : आन इकडं. तू कपडे भर… हालो. व्हय, म्याच हाय, सिद्धू… काय झालंय म्हंजे? काही न्हाई. लाइट गेलीय बाबा… व्हय, समद्या गल्लीची.

शैलश्री : रेणू, राहू दे ते, दोन लुगडी पुरे. मी मागच्या दाराला गाडी लावते.

रेणू : पण उद्या ते आल्यावर आत्याला…

अनसाबाई : थांब सिद्धू, दारात कोन तरी आलंय… जाय गं, जाय! नऊ म्हयने पोटात वागवलंय म्या त्याला. पुरून उरते… हां, बोल. कोन न्हाई, शेजारची होती… रेणू? निजलीय. अंग तापलंय तिचं… न्हाई, म्या उठवनार न्हाई. वरडू नको, आई हाय मी तुझी… काय? लाइट कवा येईल? आता काय सांगू बाबा. ह्या बारीला लई येळ लागंल.