धायरीतली टर्की

ऋतुजाच्या सँडविचचं तुम्हाला सांगितलं नाही ना मी? ऋतुजा म्हणजे माझी रूममेट. कंपनीने चार महिने अमेरिकेला काय पाठवलं, परत आल्यापासून बाईसाहेबांना पोळीभाजी गिळवेना. परवा संध्याकाळी टर्की, म्हणजे तो कोंबडीसारखा मोठा पक्षी, आणि बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, यांची पाकिटंच घेऊन आली.

"आज डिनरला गरमागरम सँडविच. तिकडे सगळे हेच खातात."

मी म्हटलं, "अगं, भाडेकरारावर काय सही केलीय आपण? 'घरात मांसाहार करणार नाही.' घरमालकीण काकू खालीच राहतात. उद्याच्या उद्या बाहेर काढतील!"

"तू ना, कायम घाबरतच राहा," म्हणत तिने बेकन तव्यावर टाकलं. दोन मिनिटांत ते कोळसा झालं आणि टर्की पुठ्ठ्यासारखी ताठ. तेवढ्यात बेल वाजली आणि माझ्या हातातला चिमटा थेट पायावर पडला.

दारात काकू. "कसला हो हा धूर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "टर्की, काकू."

"टर्कीहून पाहुणे आलेत? मुक्काम चालणार नाही हं."

"पाहुणे नाहीत, सँडविच आहे. नॉनव्हेज." मी जवळजवळ रडतच होते.

काकू आत आल्या. ऋतुजाची बशी उचलून त्यांनी नीट निरखली, टर्कीवर नखाने टकटक केलं आणि बशी खाली ठेवली.

"करारात मांसाहार बंद आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण याला आहार कोण म्हणेल? चालू द्या आपलं."